रोज बिघाड घालणारे गफूर सर

गफूर सर रोज सकाळी आमच्या आधी संस्थेत येत आणि प्रयोगशाळा बिघडवून ठेवत.

हे मी गमतीनं लिहीत नाही. तारेचं तांब्याचं टोक ते आवरणाच्या आतल्या आत तोडत आणि वरचं आवरण जसंच्या तसं ठेवत. मीटरचा शून्याचा स्क्रू केसभर फिरवत. प्लगच्या पत्तीत बिडीच्या बंडलाचा कागद सरकवत. फ्यूजच्या दोन्ही टोप्यांना रंग नसलेलं नेलपॉलिश लावत. असा फ्यूज बाहेरून चांगला, आतली तार चांगली, पण वीज पुढे जात नाही. त्या नेलपॉलिशसाठी ते महागावच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात जात. दाढी पिकत आलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो, नेलपॉलिश मागतो आणि तेही बिनरंगाचंच, याचं दुकानवालीला आश्चर्य वाटे. "त्या बाईनं शेवटी माह्या घरी जाऊन सांगतलं," सर आम्हाला सांगत, "आन् त्या दिवशी घरात जो फॉल्ट झाला, तो मले आजपावतो सापडला नाही."

आम्ही हसायचो आणि मग दिवसभर रडायचो. कारण सकाळी बटण दाबलं की काहीच चालत नसे, आणि सर खिडकीजवळच्या स्टुलावर बसून राहत. कुणी जवळ जाऊन विचारलं, "सर, इथे वीज येते आहे, पण तिथे जात नाही, असं का?" तर ते मान न वळवता म्हणत, "मले नोको पुसू. त्याले पूस." 'तो' म्हणजे यंत्र. मी त्यांच्याकडे वर्षभर शिकले आणि वर्षभरात मला एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही. माझे वडील फुलसावंगीहून महागावला ऑटो चालवत. संध्याकाळी ते विचारत, "आज काय शिकवलं?" मी सांगे, "काही नाही. सरांनी सगळं बिघडवून ठेवलं होतं." वडील काळजीत पडत. फी भरून पोरीला शिकायला घातलं होतं, आणि तिथला मास्तर सामान मोडतो!

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्याकडे शेती नव्हती, पण त्यानं फरक पडत नव्हता. कापसाला भाव नसला की बाजाराला जाणारी माणसं पायी जात आणि वडिलांचा ऑटो झाडाखाली उभा राही. भाव येईल या आशेवर लोकांनी कापूस घरातच रचून ठेवला होता. कुणाच्याही घरी गेलं तर पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि मागच्या खोलीत त्यातल्या किड्यांनी अंग खाजवणारी माणसं. जिल्ह्यातली एक सूतगिरणी त्याच काळात बंद पडली. गफूर सर तिथे उपकरण विभागात होते. सुताचा धागा तुटू नये म्हणून सूत कातायच्या खात्यातल्या हवेत ओलावा ठरावीक लागतो, तो सांभाळणारी यंत्रणा त्यांच्या ताब्यात असे. गिरणीला कुलूप लागलं आणि सर आमच्या संस्थेत तासिकेवर शिकवायला आले.

संस्था खाजगी होती. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड झालेल्या मुलांसाठी तिथे 'इन्स्ट्रुमेंटेशन आणि कंट्रोल' असा एक वर्षाचा नवा कोर्स निघाला होता. कारखान्यात दाब, तापमान, पातळी मोजायची उपकरणं आणि ती चालवणारी नियंत्रणं, असा तो विषय. आमची पहिलीच तुकडी. मी तेवढी एक मुलगी. त्याबद्दल सरांनी पहिल्या दिवशी एकच वाक्य म्हटलं, "इंगोले, ओढणी बांधून ठेव, नाही त पंपात जाईन." पुन्हा तो विषय निघाला नाही. त्या एका गोष्टीत त्यांनी मला कधीच वैताग दिला नाही.

बाकी सगळ्यात दिला. 'खराब' हा शब्द त्यांनी वर्गात बंद केला होता. "मीटर खराब आहे" असं कुणी म्हटलं की ते हातातला खडू खाली ठेवत. "खराब म्हणजे काय? दूध खराब होते. सोयरा खराब निघते. मीटरचं काय झालं, ते सांग. काटा अडकला? स्प्रिंग ढिली झाली? तार तुटली? काय झालं?" मग नेमकं सांगता येईपर्यंत पुढचा शब्द नाही. मी घरी आईला म्हणाले, "मिक्सर खराब झाला असं म्हणू नको, काय झालं ते सांग." आई म्हणाली, "फिरत नाही म्हणून तुले सांगून राह्यली. तू शिकली ना? मंग तूच सांग."

त्यांचा दुसरा हट्ट चारच्या आकड्याचा. पातळी मोजणारा ट्रान्समीटर आपलं म्हणणं विजेच्या अगदी बारीक प्रवाहातून कळवतो. टाकी भरली की वीस मिलिअँपिअर, रिकामी असली की चार. शून्य नाही, चार. हे आमच्या डोक्यात शिरत नव्हतं. तांड्यावरून येणारा सुनील राठोड उभा राहून म्हणाला, "सर, रिकाम्याले शून्य म्हणा ना. हे चारचं कायले लावलं?"

"तुह्या घरी फोन आहे?"

"शेजारी आहे."

"तू फोन केला आन् तुही माय म्हणाली का घरात पीठ नाही. समजलं ना, का पीठ नाही? आन् फोनच लागला नाही, त का समजशीन?"

"फोन बिघ..." सुनील थांबला. "फोनची तार तुटली."

"बस. पीठ नाही म्हणजे चार. तार तुटली म्हणजे शून्य. रिकामं अलग, मेलेलं अलग, बावा. रिकामं असणारा बोलते."

समजलं खरं. पण एवढं समजायला तीन प्रश्न, एक अपमान आणि सुनीलच्या घरातलं पीठ लागलं. पुस्तकात ते अर्ध्या ओळीत होतं.

आमच्याकडे खरी म्हणावी अशी एकच मांडणी होती. बंद गिरणीचं भंगार निघालं तेव्हा सर प्राचार्यांच्या मागे लागून, त्यांना स्वतः भंगारवाल्याकडे नेऊन, काही उपकरणं घेऊन आले होते. त्यातून त्यांनी टाकी उभी केली. पंप वरच्या टाकीत पाणी भरायचा. पाणी किती झालं ते ट्रान्समीटर कळवायचा. ते वाचून कंट्रोलर हुकूम सोडायचा. मधला कन्व्हर्टर त्या विजेच्या हुकमाचा हवेचा दाब करायचा, आणि त्या हवेनं व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं पाणी सोडून दिलं जायचं. सगळं ठीक असलं की टाकीतलं पाणी एका रेषेवर थांबून राही. ते थांबलेलं पाणी आम्ही वर्षभरात फार कमी वेळा पाहिलं. कारण तिथे रोज काहीतरी घातलेलं असे.

कोर्सला मान्यता मात्र अजून नव्हती. कमिटी येईल, पाहील, मग मान्यता, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. यवतमाळला तेलाचा एक नवा कारखाना उभा राहत होता. तिथे उपकरण विभागात ॲप्रेंटिस घेणार होते, पण मान्यता असलेलं प्रमाणपत्र पाहिजे होतं. माझं सगळं त्यावर टांगलेलं होतं. ॲप्रेंटिसचा पगार आला तर पुढचा डिप्लोमा करता येणार होता. नाही आला तर शिक्षण तिथेच संपणार होतं. वडिलांनी तसं कधी म्हटलं नाही, पण झाडाखाली उभा राहणारा ऑटो मला दिसत होता.

आणि मान्यतेत एक अट होती. ती प्राचार्य गावंडे सरांनी व्हरांड्यात, आमच्या सगळ्यांच्या देखत गफूर सरांना सांगितली. "गफूरभाई, कमिटी आली की बोलणं तुम्हीच करा. पण कागदोपत्री शिकवणारा डिप्लोमावाला लागतो. मान्यता मिळाली की तसा माणूस नेमावा लागेल. तुमचं आपण नंतर बघू."

"म्हणजे मान्यता आली का मी चाललो," सर म्हणाले.

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. पंपाचं सील बदलावं लागते, गळून राह्यलं. त्याची मंजुरी देता का आज?"

पंपाच्या सीलची मंजुरी घेऊन ते निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला, तो त्यांच्या सगळ्या कोड्यांवरच्या रागापेक्षा मोठा होता. माणसानं भांडावं, निदान तोंड पाडून बसावं. हा माणूस स्वतःला घालवणाऱ्या कमिटीसाठी स्वतःच पंप नीट करत बसला. सुनीलला ते पटत नव्हतं. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "ओ इंगोलेबाई, तुले खरं वाटते? त्यायले मान्यता नोकोच आहे. कोणालेबी नोकरी नोकोशी होते का? पाह्यजो तू, त्या दिवशी टाकी चालतच नाही."

"काहीही बोलू नको," मी म्हणाले. पण ते वाक्य मनात राहिलं.

कमिटी यायच्या दोन दिवस आधी प्राचार्यांनी गफूर सरांना बोलावून बजावलं की घातलेले सगळे बिघाड काढा, एकही शिल्लक नको. सर म्हणाले, "काढले." आम्ही टाकी चालवून पाहिली. पाणी रेषेवर थांबलं. मग प्राचार्यांनी खात्रीसाठी पुन्हा चालवायला लावली. मग संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांच्यासाठी पुन्हा. हवा भरणारा कॉम्प्रेसर इतका कधी चालला नव्हता.

कमिटीत दोन साहेब होते. थोरले चष्मेवाले, कमी बोलणारे. त्यांनी इमारत पाहिली, ग्रंथालय पाहिलं, पंख्याखाली बसून नारळपाणी घेतलं आणि मग प्रयोगशाळेत आले. आम्ही निळ्या गणवेशात भिंतीला टेकून उभे. गफूर सरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. त्यांनी सुनीलला खूण केली. सुनीलनं पंप चालू केला. पाणी चढलं, रेषेला आलं, रेषेच्या वर गेलं. व्हॉल्व्ह उघडला नाही. पाणी काठावर आलं, काठावरून सांडलं आणि फरशीवरून थोरल्या साहेबांच्या चपलांकडे निघालं. साहेब दोन पावलं मागे सरकले. पाणीही सरकलं.

"पंप बंद कर," सर म्हणाले. सुनीलनं केला. पाणी ठिबकत होतं.

"गफूरभाई," प्राचार्यांचा आवाज पातळ झाला होता, "चालू करा ना."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "हे पोरं शोधतात," ते साहेबांना म्हणाले. "आमच्याकडं पोरंच शोधतात."

"आज नको हो!" प्राचार्य कुजबुजले, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी सरांच्या अगदी जवळ गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते रागाचं होतं. "सर, कोणता घातला? सांगा ना. आज तरी सांगा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मले नोको पुसू. त्याले पूस."

मला त्या क्षणी खात्री पटली की सुनील म्हणत होता ते खरं आहे. या माणसानं मुद्दाम घातलंय. आमचं वर्ष, माझा पुढचा सगळा रस्ता, सगळं पाण्यात घालून हा हात बांधून उभा आहे. मी मनातल्या मनात त्यांना जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण करणार काय? मल्टिमीटर उचलला.

राग आला की माझा हात स्थिर होतो, हे मला त्या दिवशी कळलं. सरांचा नियम होता की रस्ता टोकाकडून नाही, अर्ध्यातून तपासायचा. म्हणजे एका फटक्यात अर्धा रस्ता निर्दोष सुटतो. मी कन्व्हर्टरच्या तोंडाशी मीटर लावला. हुकमाचा प्रवाह येत होता, चांगला भरपूर. म्हणजे टाकी, ट्रान्समीटर, कंट्रोलर, तारा सगळे सुटले. सुनीलनं हवेच्या बाजूचा गेज पाहिला. येणारी हवा पुरेशी होती, पण व्हॉल्व्हकडे जाणारी हवा नव्हती. "आत हवा आहे, बाहेर नाही," तो म्हणाला. "मधातच खाऊन राह्यला."

"कोण?" थोरल्या साहेबांनी विचारलं. ते जवळ येऊन उभे होते.

"कन्व्हर्टर, साहेब."

"खराब झालाय का?"

आम्ही दोघांनी एकदम सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. "तसं नाही, साहेब," सुनील म्हणाला, "कायतरी अडकलं असन."

कन्व्हर्टरचं झाकण उघडलं. आत हवा जायचं एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. त्यातून हवा येत नव्हती. मी शिपाई शेषरावांना म्हणाले, "काका, चहाच्या स्टोव्हची पिन आणा." ते धावत घेऊन आले. पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती बारीक तार मी भोकात घातली. अडली. मी जोर दिला.

"हळू," सर म्हणाले. सगळ्या वेळात त्यांचा तो एवढाच शब्द. मग, "भोक मोठं करशीन."

मी हात सैल केला. पिन फिरवली, थोडी, पुन्हा थोडी, आणि बाहेर ओढली. तिच्या टोकाला एक पांढरा धागा चिकटून आला. कापूस होता.

झाकण लावलं. हवा सोडली. व्हॉल्व्हनं श्वास घेतल्यासारखा फस्स आवाज केला आणि दांडा वर उचलला गेला. पंप चालू केला. पाणी चढलं, रेषेला आलं आणि थांबलं. प्राचार्य खुर्चीवर बसले. ती खुर्ची धाकट्या साहेबांसाठी ठेवलेली होती.

"कापूस कुठून आला?" थोरल्या साहेबांनी विचारलं.

सुनीलचा चेहरा उतरला. त्यानं सांगूनच टाकलं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो तिथलं गाळणीचं फेल्ट फाटलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून त्यानं घरचा कापूस दाबून भरला होता. कॉम्प्रेसर दोन दिवस सारखा चालला आणि त्यानं तो तंतू-तंतू करून ओढून घेतला. पुढची जाळीही जुनी होती. "पण कापूस चांगला होता, साहेब," सुनील म्हणाला. "लांब धाग्याचा. किडकी कवडी नाही."

साहेब गफूर सरांकडे वळले.

"काय करता साहेब," सर म्हणाले, "आमच्या जिल्ह्यात कापूस विकत नाही, बाकी सगळीकडं जाते."

थोरले साहेब हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग त्यांनी मला विचारलं की मी मधूनच तपासायला सुरुवात का केली, आणि मी सांगितलं. त्यांनी सुनीलला विचारलं की आता कापसाऐवजी काय लावशील, आणि त्यानंही नेमकं सांगितलं.

गाडी निघून गेल्यावर मी सरांना आवारात गाठलं. ते नळावर तोंड धूत होते. मी म्हणाले, "सर, तुम्ही घातलेला फॉल्ट होता ना आणखी एखादा? काढायचा राहिलेला?"

"एकबी नाही. सगळे काढले होते. हा माहा नव्हता."

"मग सांगितलं का नाही?"

"मालूम असतं त सांगतलं असतं." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "मले का मालूम, का राठोडनं लांब धाग्याचा कापूस भरला! मले दरदरून घाम सुटला होता, बाई."

आम्ही समजत होतो की उत्तर यांच्या खिशात आहे. रोजच्यासारखंच काहीतरी घातलेलं असणार, म्हणजे ते सापडणार, या भरवशावर आम्ही न घाबरता शोधलं. आणि त्यांच्या खिशात काहीच नव्हतं. मला हसावं की ओरडावं ते कळेना. मी म्हणाले, "सर, तुमच्यापुढे हात टेकले." ते म्हणाले, "टेकू नोको, खाली ओलं आहे. जाय, कॉम्प्रेसरचं फेल्ट काढून आण."

मान्यता आली. परीक्षा झाली. डिप्लोमावाले नवे सर आले, चांगले होते, प्रश्नाला उत्तर देत. प्राचार्यांचं 'नंतर बघू' नंतरही बघितलं गेलं नाही. गफूर सरांचा निरोप समारंभ करायचा आम्ही ठरवलं, हारही आणला, तर ते त्या दिवशी आलेच नाहीत. निरोप पाठवला की महागावात एका पिठाच्या गिरणीची मोटार जळली आहे, ती आधी. हार शेवटी टाकीला घातला.

मला तेलाच्या कारखान्यात ॲप्रेंटिसशिप मिळाली. त्या पगारावर डिप्लोमा झाला, मग नोकरी करत करत पदवीही. आमच्या घरात पदवीची गुंडाळी आणणारी मी पहिली. वडिलांनी ती ऑटोच्या समोरच्या काचेमागे ठेवून गावभर फिरवली, म्हणून ती एका कोपऱ्याला उन्हानं पिवळी झाली आहे. पदवी हातात आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन सरांकडे गेले.

एस.टी. स्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. पंपांचे स्टार्टर, गिरण्यांचे वजनकाटे, असलं सामान चारी बाजूंनी रचलेलं. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. बसमध्ये मी मनात भाषण जुळवलं होतं. स्वतःची नोकरी जाणार हे माहीत असून तुम्ही आमच्यासाठी, वगैरे. मी पेढे ठेवले, पाया पडले आणि सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

"थांब," ते म्हणाले. "कायचा त्याग? काहीबाही बोलून राह्यली. त्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला नाही ना, मले बरं वाटलं."

"काय?"

"बरं वाटलं. आता डोळे काहून मोठे करतं? खरं सांगून राह्यलो. घाम सुटला, तेबी खरं. आन् बरं वाटलं, तेबी खरं. म्हटलं, चलो, आपण काही केलं नाही, आपोआपच झालं. अजून एक-दोन वर्ष निघतीन. माह्या पोरीचं लग्न होतं तवा." त्यांनी पेढा फोडला. अर्धा मला दिला. "मंग तू पिन मागवली."

"तू जशी दाबून राह्यली होती ना, तशीच दाबली असती, त भोक गेलं असतं. मंग तो कन्व्हर्टर भंगारातच. कमिटी वापस. मले फक्त चूप राहाचं होतं. वर्षभर त चूपच होतो मी!" ते हसले. "पण हात चुकीचा चालून राह्यला दिसलं, आन् तोंडातून निघून गेलं. विचार करून नाही म्हटलं. विचार केला असता, त चूप राह्यलो असतो."

"नसता राहिला," मी म्हणाले.

"तुले का मालूम?"

मग त्यांनी विचारलं की पगार वेळेवर होतो का, आणि वडिलांच्या ऑटोचं काय चाललंय. तेवढ्यात एकजण खांद्यावर पंपाचा स्टार्टर घेऊन आला आणि सर त्याच्याशी बोलायला लागले. मी बराच वेळ बसले. शेवटी ते म्हणाले, "जाय आता. फुलसावंगीची गाडी भरून जाईन, मंग उभ्यानं जाशीन."

मी गेले. त्यानंतर एक-दोन वेळा फोन झाला, तो त्यांनी दर वेळी लवकर ठेवला. मग एके दिवशी सुनीलचा फोन आला की गफूर सर गेले. दुकानात बसल्या-बसल्या, दुपारी. मला पोहोचायला उशीर झाला. त्यांच्या मुलीनं मला घरात बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही अब्बांच्या कोण?" मी म्हणाले, "शिकत होते त्यांच्याकडे." ती म्हणाली, "अब्बा तर कोणालेच काही सांगत नव्हते." आणि आम्ही दोघी रडता-रडता हसलो.

गेलेल्या माणसाविषयी लिहिताना आभार मानायचे राहून गेले असं म्हणायची पद्धत आहे. माझे राहिले नाहीत. मी बसचं तिकीट काढून, पेढे घेऊन, पाठ करून मानायला गेले होते. त्यांनी मानूच दिले नाहीत, आणि त्याचा मला अजून राग येतो.